गर्भारपणातील श्रोणिवेदना

बंगळूरच्या आग्नेयेस सर्जापूर गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर गेल्या काही दशकांत संगणक-व्यवसायाच्या कचेऱ्या व उंच इमारती उभ्या राहिल्या. नोकरीनिमित्त तेथे गेलेल्यांत मराठी कुटुंबेही आहेत. इब्लूरच्या चौकात वाहने खोळंबली म्हणजे सात महिन्यांची गर्भवती मोटारीत बराच वेळ एकाच स्थितीत बसून राहते. आणि उतरताना एक पाय बाहेर टाकताच जांघेच्या मध्यभागी, हाडावरच, कळ उठते. रात्री कूस बदलताना तीच कळ, जिना चढताना तीच. वडीलधाऱ्या बायका म्हणतात, “पहिलटकरणीला असे व्हायचेच.” ह्यात तथ्य इतकेच की ही व्यथा विरळ नाही, सुमारे पाच गर्भवतींत एकीस ती होते. मात्र ती मुकाट्याने सोसलीच पाहिजे, असे समजण्याचे कारण नाही.

श्रोणी म्हणजे धडाचा भार दोन्ही पायांवर सोपविणारे हाडांचे कडे. शास्त्रज्ञ त्यास श्रोणिमेखला म्हणतात, आणि कमरेच्या दागिन्याचे हे नाव त्यास शोभतेही. ह्या कड्याला पाठीमागे दोन व पुढे एक असे तीन सांधे आहेत. पुढच्या सांध्यातील फट सामान्यतः ४ ते ५ मिलिमीटर असते. गर्भारपणी ती आणखी २ ते ३ मिलिमीटर रुंदावते. फ्रेडरिक हिसॉ ह्यांनी १९२६ साली गिनीपिगांवरील प्रयोगांतून सांध्याचे बंध सैल करणारा अंतःस्राव दाखवून दिला. पुढे त्यास रिलॅक्सिन हे नाव मिळाले. तथापि सारा दोष त्याच्या माथी मारणे बरोबर नव्हे. रक्तातील त्याचे प्रमाण व वेदनेची तीव्रता ह्यांचा मेळ स्त्रियांत नीट बसत नाही. सैलावलेल्या सांध्यांवर वाढत्या पोटाचा भार पडतो, स्नायूंची ओढ बदलते आणि एका बाजूवर अधिक ताण येतो. अशा अनेक कारणांनी ही वेदना उद्भवते.

म्हणून उपायांचे मर्म भार दोन्ही बाजूंस सारखा ठेवण्यात आहे. मोटारीतून उतरताना दोन्ही गुडघे जुळवून सगळे अंग एकदम वळवावे. कूस पालटतानाही तसेच; झोपताना गुडघ्यांमध्ये उशी घ्यावी. सलवार बसून चढवावी, कारण एका पायावर उभे राहणे हीच ह्या सांध्याची खरी परीक्षा. जिन्यावर एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवावेत. थोरले मूल कडेवर घेणे तर टाळावेच. आपल्याकडे ही सवय इतकी अंगवळणी पडलेली असते की ती ओझे वाटतच नाही. अंथरुणाला खिळून राहण्याने मात्र स्नायू दुबळे होतात. बेताने हालचाल करावी, भौतिकोपचारतज्ज्ञाकडून व्यायाम शिकावेत. श्रोणीभोवती बांधावयाच्या पट्ट्याने काहींस आराम पडतो. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊ नयेत. आयबुप्रोफेन तर विसाव्या आठवड्यानंतर विशेषच वर्ज्य.

ह्या दुखण्याने गर्भास इजा होत नाही. परंतु रक्तस्राव, ताप, लघवीस जळजळ, ठराविक अंतराने येणाऱ्या कळा, पायांत बधिरपणा अथवा बाळाची हालचाल मंदावणे, ह्यांपैकी काहीही आढळल्यास ते निराळे दुखणे समजून त्वरित रुग्णालय गाठावे.

बहुतेकींची वेदना बाळंतपणानंतर काही आठवड्यांत वा महिन्यांत ओसरते. प्रसूतीपूर्वी गुडघे न दुखता किती फाकतात हे मोजून ते अंतर डॉक्टरांस व परिचारिकेस सांगून ठेवावे, म्हणजे प्रसूतीच्या वेळी पाय त्याहून अधिक ताणले जाणार नाहीत. कुशीवर निजूनही प्रसूती होऊ शकते.