नाताळातला खून, परक्या आवाजात

जर्मनीत नाताळचा खरा सण २४ डिसेंबरच्या संध्याकाळी असतो. त्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास दुकानांची शटर खाली येतात, बस आणि ट्राम तुरळक होतात आणि अंधार पडता पडता रस्ते ओस पडतात. घरोघर झाडाखालच्या भेटी उघडल्या जातात. जेवणाचा थाटही फारसा नसतो, अनेक घरांत बटाट्याचे सॅलड आणि सॉसेज एवढ्यावर भागते. पुढचे दोन दिवस, २५ आणि २६, सार्वजनिक सुट्टी. गुन्हेपट लिहिणाऱ्याला याहून सोयीची वेळ सापडणे कठीण. साक्षीदार आपापल्या घरात, निम्मे पोलीस रजेवर, आणि ज्याला घरी जायची ओढ नाही असा एखादा अधिकारी ड्युटीवर. डॅनिएल केलमान यांच्या 'हायलिग आबेंड' (२०१७) या नाटकात सगळा खेळ नाताळच्या आदल्या रात्री साडेदहा ते बारा एवढ्याच वेळात होतो, आणि समोरासमोर असतात एक पोलीस अधिकारी आणि एक प्राध्यापिका.

अशा कथेचा बहुतेक भार बोलण्यावर आणि बोलण्यामधल्या थांब्यांवर असतो. पाठलाग, गोळीबार बेताचाच. त्यामुळे असा चित्रपट डब होऊन परक्या भाषेत गेला की पहिल्या दहा मिनिटांतच प्रेक्षक कंटाळतो. नट ठोकळ्यासारखे वाटतात, उलटतपासणी रटाळ वाटते. काही चित्रपट मुळातच रटाळ असतात हे खरे, पण मूळ भाषेत बरा असलेला चित्रपटही डबिंगमध्ये मार खातो. हे नुकसान एका जागी होत नाही. ते टप्प्याटप्प्याने होत जाते.

डबिंग स्टुडिओकडे येताना चित्रपट तीन वस्तूंच्या रूपात येतो: चित्र, संवादांची वेळेसह यादी, आणि संवाद वगळून फक्त संगीत व इतर आवाज असलेली ध्वनिपट्टी, जिला धंद्यात 'एम अँड ई' म्हणतात. पहिली गळती या यादीपाशीच सुरू होते. जर्मन चित्रपट हिंदीत किंवा अन्य भारतीय भाषेत आणायचा असेल तर अनुवादकाच्या हातात अनेकदा जर्मन संहिता नसतेच, इंग्रजी असते. जर्मनमध्ये परक्याला 'झी' आणि जवळच्याला 'डू' म्हणतात, साधारण आपल्या 'तुम्ही' आणि 'तू' सारखे. चौकशीच्या खोलीत तासभर 'झी' म्हणणारा अधिकारी एका वाक्यात 'डू' वर घसरतो तेव्हा त्याचा तोल सुटला आहे, किंवा समोरच्याला तो आधीपासून ओळखतो, हे जर्मन प्रेक्षकाला सांगावे लागत नाही. इंग्रजीत दोन्हींचे 'यू' होते. पुढे हिंदीवाला त्या 'यू'चे सगळीकडे 'आप' करतो किंवा सगळीकडे 'तुम', आणि कथेतला एक पुरावा हरवतो. वाईट याचे वाटते की हिंदी किंवा मराठीत तो सहज ठेवता आला असता.

यानंतर येते रूपांतर. डबिंगमधले सगळ्यात अवघड आणि सगळ्यात कमी नावाजलेले काम हेच. रूपांतरकाराला अर्थ, लांबी आणि ओठ या तिन्ही गोष्टी एकाच वेळी सांभाळायच्या असतात. नट दुरून दिसत असेल तर लांबी जुळली तरी चालते. चेहरा जवळून दिसत असेल तर प, ब, भ, म या अक्षरांपाशी अडते, कारण ती उच्चारताना ओठ मिटतात आणि ते मिटणे प्रेक्षकाला दिसते. नाताळच्या चित्रपटात हमखास येणारा अभिवादनाचा प्रसंग पाहावा. जर्मन माणूस दार उघडून म्हणतो 'फ्रोऽ वायनाख्टन'. या दोन शब्दांत ओठ एकदाही पूर्ण मिटत नाहीत. 'फ्र' आणि 'वा' या दोन्ही ठिकाणी फक्त खालचा ओठ वरच्या दातांना टेकतो. इंग्रजी 'मेरी ख्रिसमस' सुरूच मिटलेल्या ओठांनी होते, आणि मध्ये पुन्हा एक 'म' येतो. पडद्यावर तोंड उघडे आणि कानावर 'म', एवढ्या विसंगतीने प्रेक्षकाचे लक्ष कथेवरून उडते. मराठीत 'नाताळच्या शुभेच्छा' म्हटले तर सुरुवात निभावते, पण 'भे' पाशी ओठ उघडे पडतात. कुशल रूपांतरकार मग अभिवादन पाठमोऱ्या माणसाच्या तोंडी सरकवतो, किंवा चेहऱ्यावर नुसते 'या ना, आत या' ठेवतो. घाईतला रूपांतरकार शब्दकोशातले अभिवादन चिकटवून पुढे जातो.

ओठांपेक्षा मोठा घात वाक्याच्या बांधणीत होतो, आणि तो कमी लोकांच्या लक्षात येतो. जर्मनमध्ये भूतकाळातल्या घटनेचे मुख्य क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी पडते. कबुलीजबाबात आरोपी कोणाला, कुठे, झाडावरचे दिवे लागल्यावर, मुले वरच्या खोलीत असताना, असे सगळे सांगत जातो आणि 'मारलं' हा शब्द सगळ्यात शेवटी येतो. नटाने आपला अभिनय त्या शब्दापाशी नेऊन ठेवलेला असतो: नजर तिथे झुकते, आवाज तिथे बसतो. इंग्रजी वाक्यात 'मी मारलं' हे आरंभीच सांगून टाकावे लागते. मग नटाची नजर झुकते त्या क्षणी प्रेक्षकाच्या कानावर झाडावरच्या दिव्यांची माहिती पडत असते. चेहरा एक सांगतो, आवाज दुसरेच. अशा वेळी प्रेक्षक दोष देतो नटाला. मराठीचे क्रियापदही शेवटी येते, त्यामुळे थेट जर्मनमधून मराठीत आणले तर हा प्रसंग जवळजवळ जसाच्या तसा बसेल. वाट मात्र इंग्रजीतून जाते.

प्रांतिक बोलींना तर वालीच नाही. १९७० पासून चालू असलेली 'टाटओर्ट' ही जर्मन दूरचित्रवाणीची गुन्हेमालिका वेगवेगळ्या शहरांत घडते आणि प्रत्येक शहराचे तपास अधिकारी वेगळे असतात. म्युनिकचा हवालदार आणि हाम्बुर्गचा हवालदार तोंड उघडताच वेगळे कळतात. डब केल्यावर दोघेही एकाच सपाट, कुठल्याच गावच्या नसलेल्या भाषेत बोलतात.

गंमत अशी की डबिंगची कला ज्यांनी मुरवली अशा देशांत जर्मनीचा क्रम वरचा आहे. तिथे परदेशी चित्रपट डब करूनच दाखवण्याचा रिवाज बोलपटाच्या सुरुवातीपासून आहे. 'बेर्लिनर सिंक्रोन' हा स्टुडिओ १९४९ पासूनचा. रॉबर्ट डी नीरोला क्रिश्चियन ब्रुकनर यांचा आणि ब्रूस विलिसला मानफ्रेड लेमान यांचा आवाज जर्मन कानांत इतका बसला आहे की दुसरा आवाज आला तर प्रेक्षक कुरकुरतात. पण याच कसबी हातांनी कथाही बदलल्या आहेत. हिचकॉकच्या 'नटोरिअस' (१९४६) मधले नाझी आणि युरेनियम जर्मनीत १९५१ साली अमली पदार्थांचे तस्कर आणि त्यांचा माल बनून आले. चित्रपटाचे नावही त्याला साजेसे 'वायसेस गिफ्ट', म्हणजे पांढरे विष, असे ठेवले गेले. नाताळच्या संध्याकाळी लॉस एंजेलिसच्या उंच इमारतीत घडणाऱ्या 'डाय हार्ड' (१९८८) मध्ये ॲलन रिकमनने रंगवलेला टोळीप्रमुख हान्स ग्रुबर मुळात जर्मन आहे. जर्मन आवृत्तीत तो 'जॅक' झाला. ओठ चोख जुळले, माणूस मात्र आपल्या देशाला मुकला.

उलट दिशेने, म्हणजे जर्मन गुन्हेकथा बाहेर पाठवताना, एवढी काळजी क्वचितच घेतली गेली. दूरदर्शनच्या जुन्या प्रेक्षकांना 'द ओल्ड फॉक्स' आठवत असेल. ही मूळची 'डेअर आल्टे' नावाची मालिका १९७७ मध्ये सुरू झाली, आणि १९८६ पर्यंत झिगफ्रीड लोविट्झ यांनी तीत कमिश्नर क्योस्टर साकारला. जर्मनीतल्या प्रेक्षकाला लोविट्झचा खवट, कोरडा सूर ऐकू येत होता. परदेशी प्रेक्षकाच्या वाट्याला फक्त त्यांचा चेहरा आला.

ध्वनिमुद्रणाच्या वेळी संहितेचे काही सेकंदांचे तुकडे पाडलेले असतात. जर्मन स्टुडिओत त्यांना 'टेक' म्हणतात, आणि कलाकाराला येण्याचे ठरीव मानधन व वर टेकागणिक पैसे मिळतात. पूर्वी समोरासमोरची पात्रे एकाच माइकपुढे उभी राहत. आता बहुतेकदा प्रत्येकजण एकटा येतो, आपले सगळे तुकडे सलग करतो आणि जातो. चौकशीचा प्रसंग म्हणजे दोन माणसांची कुस्ती, आणि इथे दोन्ही पैलवान वेगवेगळ्या दिवशी आखाड्यात उतरतात. समोरचा किती दाबून बोलला हे ठाऊक नसल्यामुळे कलाकार मधला, सुरक्षित सूर धरतो. दोघांनी तेच केले की प्रसंग सपाट होतो.

त्यात थंडी. बर्फात उभा असलेला नट बोलतो तेव्हा जबडा आखडलेला असतो, शब्द तुटक येतात, तोंडातून वाफ निघते. बंद, उबदार खोलीत उभा असलेला आवाज-कलाकार तेच वाक्य मोकळ्या गळ्याने म्हणतो. वाफ दिसते त्या क्षणी उच्छ्वास ऐकू आला नाही तर आवाज चेहऱ्यापासून सुटा पडतो. जाणता दिग्दर्शक अशा वेळी संवादाआधी श्वासांचे वेगळे टेक घेतो. वेळापत्रक आखडले की पहिली काट त्यांच्यावरच बसते.

शेवटी मिश्रण. चर्चच्या घंटा, बर्फावरची पावले, ऑर्गन हे सगळे एम अँड ई पट्टीवर शाबूत असते. समूहगीतही बहुधा तिथेच असते, म्हणून डब केलेल्या चित्रपटात गावकरी जर्मनमध्ये गातात आणि गाणे संपताच इंग्रजीत बोलू लागतात. पण शेजारच्या खोलीतला रेडिओ किंवा नाताळ बाजारातली कुजबुज मूळ संवादांच्या पट्टीवर असेल तर ती संवादांबरोबर निघून जाते आणि मुद्दाम नव्याने भरावी लागते. ती मोजक्या आवाजांत उरकली की भरलेला बाजार रिकामा ऐकू येतो. नवे संवादही माइकच्या अगदी जवळून घेतलेले असतात. त्यांना त्या त्या जागेचा घुमारा नीट दिला नाही तर पोलीस ठाणे, चर्च आणि मोटार या तिन्ही जागी माणूस एकाच अंतरावरून बोलल्यासारखा वाटतो.

तयार पट्टी तपासणीला जाते. तपासणारा यादी घेऊन बसतो: वाक्य सुटले का, ओठ फार मागेपुढे झाले का, आवाजाची पातळी ठरलेल्या मर्यादेत आहे का, नावांचे उच्चार सगळीकडे सारखे आहेत का. कबुलीजबाबातले 'मारलं' योग्य चेहऱ्यावर पडले का, असा रकाना त्या यादीत नसतो.