भाड्याचे विमान की भागाचे?

आमच्या संघाच्या वार्षिक अंकांत धान्य, कापड, सराफी आणि कर या विषयांवर लेख येत आले आहेत. विमानावर लेख आल्याचे आम्हांस स्मरत नाही. तेव्हा शीर्षक पाहून पान उलटण्यापूर्वी वाचकबंधूंनी एवढे ध्यानात घ्यावे, की पुढील मजकुरात आकाशापेक्षा खतावणीच अधिक आहे. एखादी महाग वस्तू, जी रोज लागत नाही, ती लागेल तेव्हा भाड्याने आणावी की चारचौघांनी मिळून विकत घ्यावी, हा प्रश्न ट्रकापासून गोदामापर्यंत आपल्या पेढ्यांवर नित्य येतो. तोच प्रश्न आमच्या भाच्याने गेल्या पावसाळ्यात विमानाविषयी विचारला.

हा भाचा अमेरिकेत ओहायो राज्यात अभियंता आहे. तेथे त्याने खासगी वैमानिकाचा परवाना मिळविला. या परवान्यास नियमाने किमान ४० तासांचे उड्डाण लागते. बहुतेकांस प्रत्यक्षात त्याहून बरेच अधिक लागते. परवाना हाती आला म्हणजे विमान हाती आले असे नव्हे. त्या देशात लहान विमानतळांवर विमाने ताशी भाड्याने देणारी दुकाने असतात. भाडेकरू विमान स्वतःच चालवितो. बहुधा ते चार आसनांचे सेसना १७२ या जातीचे असते. हे विमान १९५५ साली प्रथम उडाले आणि आजवर ४४,००० हून अधिक तयार झाली. इतकी दुसऱ्या कोणत्याही जातीची झाली नाहीत. एक इंजिन, ताशी सुमारे ३० ते ३५ लिटर पेट्रोल, असा त्याचा संसार. भाडे पेट्रोलासह असेल तर त्यास 'ओले' म्हणतात, पेट्रोल भाडेकरूने भरावयाचे असेल तर 'कोरडे'. आपल्याकडे बेदाण्याच्या सौद्यातही इतका सरळ शब्द सापडत नाही.

भाच्याने दोन वर्षे अशी भाड्याची विमाने उडविली. मग एका वसंतात विमान उतरविताना पुढचे चाक जोराने टेकले आणि पंख्याचे टोक जमिनीस लागले. कोणास इजा झाली नाही. पंखा लागला की इंजिन उघडून आतील भाग तपासावे लागतात, आणि ते काम खर्चाचे व वेळखाऊ असते. भाच्यास वाटले, दुकानाने विमा उतरविलाच आहे. विमा होता, परंतु तो दुकानाचा होता. विमा कंपनीने दुकानाचे नुकसान भरून दिले आणि तीच रक्कम भाच्याकडे मागितली. त्याशिवाय विमान जितके आठवडे बंद होते तितक्या आठवड्यांचे बुडालेले भाडे दुकानाने मागितले, ते वेगळेच.

हे वाचून चकित होण्याचे आपल्या व्यापाऱ्यांस कारण नाही. मालवाहतुकीच्या विम्याची भरपाई घेताना आपण कंपनीस 'सब्रोगेशन'चे पत्र लिहून देतो. त्यानंतर कंपनी आपल्या जागी उभी राहून वाहतूकदाराच्या मागे लागते. भाच्याच्या प्रकरणात वाहतूकदाराच्या जागी भाचा होता, इतकेच. यावर उपाय असा, की भाड्याने उडविणाऱ्याने स्वतःचा निराळा विमा घ्यावा. तोही नीट वाचून घ्यावा; कारण एक भाग दुसऱ्यांच्या जिवाची व मालमत्तेची जबाबदारी घेतो आणि दुसरा भाग भाड्याच्या विमानाचे नुकसान. पुष्कळ जण पहिलाच घेऊन स्वस्थ बसतात.

पैसे फेडून झाल्यावर त्याचे पत्र आले. त्याच्या गावच्या विमानतळावर १६ सभासदांचा एक फ्लाइंग क्लब आहे व त्यात एक भाग विक्रीस निघाला आहे. "मामा, तुम्ही आयुष्यभर भागीदाऱ्या पाहिल्यात. घेऊ का?" असे त्याने विचारले होते. त्याची आई, आमची धाकटी बहीण, हिचे मत मात्र एका वाक्याचे होते: भाड्याचेही नको नि भागाचेही नको, मोटार आहे ना!

येथे नावाचा एक घोळ दूर केला पाहिजे. आपल्याकडे फ्लाइंग क्लब म्हटले की शिक्षणाची संस्था डोळ्यांसमोर येते. मुंबईचा क्लब १९२८ साली जुहूस निघाला आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना भारतातील पहिल्या क्रमांकाचा वैमानिक-परवाना मिळाला तो तेथील शिक्षणावर. पुढे इंदूर, वडोदरे, हैदराबाद येथेही क्लब झाले. त्या सर्वांचे मुख्य काम वैमानिक घडविण्याचे. अमेरिकेतील ज्या क्लबाविषयी आम्ही लिहीत आहोत तो निराळा. तो म्हणजे विमानाच्या सहमालकांची मंडळी. ज्या विमानतळांनी मध्यवर्ती सरकारचे अनुदान घेतले आहे तेथे नियमच असा आहे, की क्लब नफ्यासाठी नसावा, प्रत्येक सभासद विमानाचा किंवा ते धारण करणाऱ्या संस्थेचा खरा भागीदार असावा, आणि चालविणे, दुरुस्ती व नवे विमान घेणे यांस लागेल त्याहून अधिक रक्कम कोणी उकळू नये. काही भाड्याची दुकानेही वार्षिक वर्गणी घेऊन स्वतःस क्लब म्हणवितात. पाटीवरून फसू नये. आपण मालक होणार की गिऱ्हाईक, हे घटना मागवून पाहावे.

आता आकडे. भाच्याने कळविल्याप्रमाणे दुकानाचे ओले भाडे ताशी १८० डॉलर होते. क्लबात ताशी १२० डॉलर, तेही ओलेच; परंतु दरमहा १२० डॉलर वर्गणी आणि आरंभी भागाचे ४,००० डॉलर. भाचा म्हणाला, तासाला ६० डॉलर वाचतात आणि वर्षाची वर्गणी १,४४० डॉलर, म्हणजे २४ तास उडविले की बरोबरी. आम्ही विचारले, भागात अडकलेल्या रकमेचे व्याज कोठे आहे? शेकडा ६ धरले तरी २४० डॉलर होतात. ते मिळविले की १,६८० डॉलर आणि २८ तास. भाग विकताना ४,००० च मिळतील की कमी, आणि गिऱ्हाईक मिळेपर्यंत किती महिने वर्गणी भरावी लागेल, हे आम्ही सोडून दिले. परंतु ते शून्य नाही.

मोजमापाचाही एक बारकावा आहे. काही ठिकाणी घड्याळी तासांवर आकारणी होते, काही ठिकाणी इंजिनाच्या फेऱ्यांवर चालणाऱ्या मापकावर. हा दुसरा मापक प्रवासाच्या वेगातच पुरता चालतो. विमान जमिनीवर हळू फिरत असताना त्याचा तास लांबतो. एकाच उड्डाणाचे या दोन मापांतील अंतर शेकडा १० ते २० इतके पडू शकते. मापे भिन्न असता दर ताडून पाहणे म्हणजे बंगाली मणाचा भाव कच्च्या मणाशी ताडणे होय. भाच्याच्या दोन्ही ठिकाणी सुदैवाने घड्याळच होते.

शिवाय मुक्कामाचा प्रश्न. शनिवारी विमान नेऊन रविवारी परत आणले, प्रत्यक्षात तीन तास उडविले, तरी पुष्कळ दुकाने मुक्कामाच्या प्रत्येक दिवसाचे काही किमान तास लावतात. क्लबात बहुधा उडविलेल्या तासांचेच पैसे पडतात. ज्यास बिऱ्हाडासह दोन-तीन दिवस जावयाचे असते त्यास क्लब येथे फार सोयीचा पडतो. अर्थात १६ जणांत एक विमान असता सुटीचा शनिवार सर्वांसच हवा असतो, हेही सांगितले पाहिजे.

मग आम्ही त्याची उड्डाण-वही मागितली. आपण किती उडू याचा अंदाज प्रत्येक जण मोठा सांगतो; मागील वहीत जे लिहिले आहे तेवढेच खरे धरावे, हा आमचा दुकानातील शिरस्ता. पहिल्या वर्षी ३१ तास, दुसऱ्या वर्षी १४. ओहायोत हिवाळाभर ढग, बर्फ आणि लहान दिवस, त्यात नोकरी. सरासरी साडेबावीस. नुसता हिशेब पाहिला तर भाडेच बरे, असे आम्ही लिहिले.

परंतु लिहून झाल्यावर आमचे मन स्वस्थ होईना. वर्षात १४ तास उडणारा मनुष्य पैशाने वाचतो, पण हाताने बिघडतो. तेथील नियम असा, की उतारू बरोबर घ्यावयाचे तर मागील ९० दिवसांत तीन वेळा विमान उडवून उतरविलेले असले पाहिजे; आणि दर २४ महिन्यांनी प्रशिक्षकाबरोबर निदान एक तास जमिनीवर व एक तास हवेत उजळणी. ही किमान मर्यादा झाली. एवढ्याने सफाई येते असे कोणी जाणकार म्हणत नाही. पंखा जमिनीस लागला तो दिवस आम्ही वहीत शोधला. त्याआधी सात आठवडे भाच्याने विमानास हात लावलेला नव्हता. भाड्याने उडणाऱ्यास प्रत्येक तास १८० डॉलरांचा दिसतो आणि तो 'पुढच्या आठवड्यात पाहू' म्हणतो. क्लबातल्यास वर्गणी भरलेलीच असते, पुढचा तास १२० चाच दिसतो, आणि जुना सभासद त्यास हाक मारून नेतो. तेव्हा तासांचा आकडा हा दोन्ही पर्यायांत एकच धरणे चूक होते. ती चूक आमची.

क्लबाचा आणखी एक गुण म्हणजे विमान ओळखीचे असते. भाड्याच्या विमानात आधीचा माणूस काय करून गेला हे बिलावर लिहिलेले नसते. क्लबाच्या दोष-वहीत ते लिहिले जाते, कारण पुढच्या रविवारी लिहिणाऱ्यासच त्यात बसावयाचे असते. उलट बाजूही आहे. जे दुकान आपल्या विमानावर मोबदला घेऊन शिकविते त्यास दर १०० तासांनी तपासणी करावीच लागते. मालक स्वतः उडवितात त्या विमानास सामान्यतः वार्षिक तपासणीचेच बंधन असते. शहाणा क्लब १०० तासांचा नेम आपखुशीने पाळतो. कंजूष क्लब कायद्याकडे बोट दाखवितो.

जबाबदारीविषयी दोन शब्द. आपल्या १९३२ च्या भागीदारी कायद्यात एका भागीदाराच्या कृत्यास सर्व भागीदार सर्वस्वाने बांधलेले असतात, हे येथे कोणास सांगावयास नको. म्हणून चांगले क्लब विमान मर्यादित जबाबदारीच्या संस्थेच्या नावे ठेवतात. तरीही चालविणाऱ्याची स्वतःची हयगय त्याच्याच माथी राहते. क्लबाच्या विम्यात प्रत्येक सभासद विमेदार म्हणून धरला आहे काय, आणि १० लाख डॉलरच्या ठळक आकड्याखाली प्रत्येक उतारूस १ लाखाचीच मर्यादा बारीक अक्षरांत घातली आहे काय, हे दोन प्रश्न लेखी विचारावेत. दुसऱ्याचे उत्तर बहुधा 'होय' असे येते.

यानंतर आम्ही भाच्यास क्लबाचे जमाखर्च मागविण्यास सांगितले, त्यातही विशेषतः इंजिनाचा निधी. या विमानाच्या इंजिनास कारखाना साधारण २,००० तासांनी संपूर्ण खोलून नवे करण्याची शिफारस करतो. मालक स्वतः उडवीत असल्यास ती मर्यादा ओलांडण्यास कायद्याची आडकाठी नाही. पण खर्च कधीतरी येतोच, आणि कधी आधीही येतो. क्लबाने तो ४०,००० डॉलर धरला होता व प्रत्येक तासामागे २० डॉलर बाजूस टाकावयाचे ठरविले होते. हा घसाऱ्याचाच प्रकार. इंजिनाचे १,६५० तास झाले होते, म्हणजे निधीत ३३,००० असावयास हवे होते. होते ११,०००. बाकीचे मागील काही वर्षांत विमानाचा रंग, नवी आसने आणि ताशी दर न वाढविण्याचा लोकप्रिय ठराव यांत गेले होते. कोणी खाल्ले नव्हते. सर्वांनी मिळून थोडे थोडे उडविले होते.

तूट २२,०००, सभासद १६, माणशी १,३७५. तेव्हा ४,००० चा म्हणून दाखविलेला भाग वस्तुतः ५,३७५ चा होता. ही तूट दरातून भरावी म्हटले, तर उरलेल्या ३५० तासांवर ताशी सुमारे ६३ डॉलर बसतात, म्हणजे दुकानापेक्षा जे ६० वाचत होते ते जाऊन वर तीन अधिक. विमान चमकदार दिसत होते, असे भाच्याने आधीच्या पत्रात कौतुकाने लिहिले होते. तो रंग कशाचा, ते आता कळले.

भाच्याने हे आकडे क्लबाच्या चिटणीसांपुढे ठेवले. ते गृहस्थ रागावले नाहीत. नवा येणारा सभासद आजवर रेडिओविषयी विचारतो, निधीविषयी कोणी विचारले नव्हते, असे ते म्हणाले, आणि प्रश्न सभेपुढे नेला. सभेने ताशी दर १५ डॉलरनी वाढविला व भाग विकणाऱ्याने आपली किंमत १,२०० डॉलरनी उतरविली. वाढलेल्या दराने आमचा बरोबरीचा आकडा २८ वरून ३५ च्या पुढे गेला आहे, हे आम्ही भाच्यास कळविले. भागाचे व्याज थोडे कमी झाले आहे, हे त्याने आम्हांस कळविले. या हिवाळ्यात तो भाड्यानेच उडवीत आहे, या खेपेस स्वतःच्या विम्यासह आणि दर तीन आठवड्यांनी एक तास, ढग नसल्यास. भागाचा निकाल त्याने चैत्रापर्यंत राखून ठेवला आहे. बहिणीस आम्ही अजून काहीच सांगितलेले नाही.