मार्गशोधन मोटार रॅली

मार्गशोधन मोटार रॅली : सार्वजनिक रस्त्यांवरून, नेमून दिलेल्या मार्गाने व नेमून दिलेल्या सरासरी वेगाने वाहन नेण्याची सांघिक क्रीडास्पर्धा. या स्पर्धेत वेगाची नव्हे, तर अचूकतेची कसोटी लागते. ठरलेल्या वेळेनंतर पोहोचणाऱ्या संघाप्रमाणेच वेळेआधी पोहोचणाऱ्या संघालाही दंडगुण होतात आणि सर्वांत कमी दंडगुण असलेला संघ विजयी ठरतो. काळ, वेग व अंतर या तीन राशींवर ती आधारलेली असल्याने तिला ‘टी. एस. डी. रॅली’ असेही म्हणतात. बंद केलेल्या रस्त्यांवर कमीत कमी वेळात अंतर कापण्याच्या वेगवान रॅलीहून ती सर्वस्वी भिन्न आहे. जुन्या मोटारगाड्यांच्या प्रदर्शनपर संचलनासही रॅली म्हटले जाते (उदा., दिल्ली येथे १९६४ मध्ये सुरू झालेली ‘द स्टेट्समन’ वृत्तपत्राची रॅली), तथापि त्यात मार्गशोधन हा मुख्य भाग नसतो.

इतिहास : मोटारीच्या आरंभीच्या काळात वाहन न बिघडता लांबचा पल्ला गाठते की नाही, हे पाहण्यासाठी विश्वासार्हता-चाचण्या घेतल्या जात. भारतात अशी चाचणी ‘मोटार युनियन ऑफ वेस्टर्न इंडिया’ या संस्थेने १९०४ च्या डिसेंबरअखेरीस दिल्ली ते मुंबई या मार्गावर योजिली होती. ‘रॅली’ ही संज्ञा मोटार स्पर्धेच्या संदर्भात रूढ झाली, ती १९११ मध्ये सुरू झालेल्या माँटे कार्लो रॅलीमुळे. १९६८ च्या लंडन–सिडनी मॅरेथॉनमधील गाड्या दिल्लीमार्गे मुंबईस आल्या व तेथून जहाजाने ऑस्ट्रेलियास रवाना झाल्या. अँड्र्यू कोवन, कॉलिन मल्किन व ब्रायन कॉइल या तिघांच्या संघाने ती स्पर्धा जिंकली. १९८० मध्ये हिमालयन रॅलीस प्रारंभ झाला. पुढे रेड-दि-हिमालय (१९९९) व डेझर्ट स्टॉर्म (२००३) यांसारख्या दीर्घ पल्ल्याच्या भारतीय स्पर्धांत वेगवान गटांबरोबरच काळ-वेग-अंतर पद्धतीचा स्वतंत्र गटही ठेवण्यात आला. मात्र या क्रीडाप्रकाराचे सर्वांना परवडणारे रूप म्हणजे शनिवार-रविवारी भरणारी क्लबची रॅली होय. तीस घरची साधी मोटार, एक घड्याळ, कागद-पेन्सिल व दोन एकविचाराची माणसे एवढी सामग्री पुरते.

संघ : संघात किमान दोन व्यक्ती असतात : चालक आणि मार्गनिर्देशक किंवा नॅव्हिगेटर. चालकाने रस्त्यावर लक्ष ठेवून सांगितलेला वेग राखावयाचा. मार्गनिर्देशकाने मार्गपुस्तिका वाचावयाची, अंतर मोजावयाचे व घड्याळाशी मेळ घालावयाचा, अशी कामाची विभागणी असते. दोघांपैकी कोणीही दुसऱ्याचे काम करू लागला, की चूक होते. वळणावर गाडी चालविताना चालकास पुस्तिका पाहता येत नाही आणि कागदावर मान घातलेल्या मार्गनिर्देशकास रस्ता दिसत नाही. म्हणून सूचना ठराविक क्रमाने व थोडक्यात द्यावी लागते : प्रथम अंतर, मग खूण, शेवटी वळण. उदा., ‘तीनशे मीटरवर पाण्याची टाकी, तेथे डावीकडे’. चालकाने ती सूचना उच्चारून पोच द्यावयाची असते. शंका असल्यास मार्गनिर्देशकाने ती वळण येण्यापूर्वीच बोलून दाखविणे इष्ट असते. वळण ओलांडल्यानंतरची शंका निरुपयोगी ठरते.

मार्गपुस्तिका : संयोजक प्रत्येक संघास सुटण्याच्या थोडा वेळ आधी मार्गपुस्तिका किंवा रोडबुक देतात. तीत एका ओळीत आरंभापासूनचे एकूण अंतर, मागील खुणेपासूनचे अंतर, चौकाची आकृती व सूचना असतात. या आकृत्यांना ‘ट्यूलिप’ म्हणतात. हे नाव नेदर्लंड्समध्ये १९४९ पासून भरणाऱ्या ट्यूलिप रॅलीवरून पडले. आकृतीतील ठिपका म्हणजे गाडी ज्या बाजूने आली ती दिशा व बाणाचे टोक म्हणजे तिला ज्या बाजूस जावयाचे ती दिशा होय. आकृती प्रमाणबद्ध नसते व तीत उत्तर दिशा वर असतेच असे नाही. नकाशा वाचण्याची सवय असलेला नवखा मनुष्य येथेच फसतो.

गणित : एखादा टप्पा पार करण्यास लागणारी मिनिटे काढण्यासाठी किलोमीटरमधील अंतरास ६० ने गुणून ताशी वेगाने भागतात. समजा, उंब्रजहून सकाळी ८ वाजता निघणाऱ्या एका काल्पनिक मार्गाचे तीन टप्पे आहेत : ६ किमी. ताशी ३० किमी. वेगाने, ८ किमी. ताशी २४ किमी. वेगाने व ९ किमी. ताशी ३६ किमी. वेगाने. त्यांस अनुक्रमे १२, २० व १५ मिनिटे लागतील. म्हणजे २३ किमी. अंतर ४७ मिनिटांत संपून संघाने ८ वाजून ४७ मिनिटांनी पोहोचावयास हवे. तीन वेगांची साधी सरासरी ताशी ३० किमी. येते, तीवरून हिशेब करणारा संघ हे अंतर ४६ मिनिटांत कापील व एक मिनिट लवकर पोहोचेल. टप्प्यांची अंतरे व त्यांस लागणारा वेळ भिन्न असल्याने वेगांची अशी सरासरी घेता येत नाही, हे नवशिक्या संघास दंडगुण भोगूनच कळते.

दुसरी अडचण अंतरमापकाची. टायरची झीज व त्यातील हवेचा दाब यांनुसार प्रत्येक गाडीचा अंतरमापक थोडा वेगळा आकडा दाखवितो. हवा कमी असल्यास चाकाची परिणामी त्रिज्या घटते व मापक जास्त अंतर नोंदवितो. यासाठी संयोजक आरंभी ज्ञात लांबीचा एक टप्पा देतात. १० किमी.च्या टप्प्यात मापकाने १०·२ किमी. दाखविले, तर त्याचा प्रत्येक आकडा १·०२ ने भागून घ्यावा लागतो. ही दुरुस्ती न करता मापकावर विसंबून वेग राखणारा संघ वरील मार्गावर सु. ५६ सेकंद उशिरा पोहोचेल. दोन टक्क्यांची चूक चालकाला जाणवतही नाही. पण निकाल तीवर फिरतो.

या आकडेमोडीसाठी पूर्वी पूर्वरचित कोष्टके व हाल्डा स्पीडपायलटसारखी यांत्रिक उपकरणे वापरीत. आता इलेक्ट्रॉनिक मापके व भ्रमणध्वनीवरील आज्ञावल्या उपलब्ध आहेत. तथापि उपकरणांवर विसंबणाऱ्यांचा व साध्या साधनांनी भाग घेणाऱ्यांचा गट अनेक स्पर्धांत वेगळा ठेवतात.

नियंत्रणस्थाने व गुणांकन : गाड्या एक वा दोन मिनिटांच्या अंतराने सोडतात. वाटेत काही नियंत्रणस्थाने जाहीर, तर काही गुप्त असतात. गुप्त स्थाने कोठे आहेत हे ठाऊक नसल्याने नेमलेला वेग संपूर्ण मार्गभर राखावा लागतो. आरंभी पळून शेवटी थांबून राहणे उपयोगी पडत नाही. नियंत्रणस्थान दृष्टीस पडल्यावर थांबण्यास वा मुद्दाम रेंगाळण्यास बहुधा बंदी असते. अलीकडे उपग्रहाधारित नोंदक गाडीत बसवूनही वेळ टिपली जाते. उशिराच्या प्रत्येक सेकंदास एक व लवकरच्या प्रत्येक सेकंदास दोन दंडगुण, अशा स्वरूपाचे प्रमाण ठेवल्यास घाईला लगाम बसतो. वरील उदाहरणात ४६ मिनिटांत पोहोचणाऱ्या संघास १२० व ५६ सेकंद उशिरा पोहोचणाऱ्यास ५६ दंडगुण होतील.

मार्ग चुकल्यास शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत मागे जाणे, हाच विश्वसनीय उपाय होय. आडवाटेने मार्ग गाठणारा संघ एखादे नियंत्रणस्थान चुकवितो व त्याबद्दलचा दंड उशिराच्या दंडाहून पुष्कळच मोठा असतो. वेळेची मोजणी एका नियंत्रणस्थानापासून दुसऱ्यापर्यंत स्वतंत्रपणे करण्याची पद्धत त्यासाठीच स्वीकारतात. तीत एका टप्प्यातील विलंब पुढे जमा होत नाही व तो भरून काढण्यासाठी गाडी पिटाळण्याचा मोहही उरत नाही.

मार्गाची निवड : मार्गशोधनास कोणता प्रदेश अनुकूल असतो, हे उंब्रज (जि. सातारा, ता. कराड) या गावाच्या परिसरावरून स्पष्ट होईल. कृष्णा व तारळी या नद्यांच्या संगमाजवळ, कराडच्या उत्तरेस, पुणे–बंगळूर महामार्गावर हे गाव वसले आहे. येथून पूर्वेस मसूरकडे, पश्चिमेस चाफळकडे व मल्हारपेठमार्गे पाटणकडे रस्ते जातात. वायव्येस तारळीच्या खोऱ्यात तारळे व त्यापलीकडे सडावाघापूरचे पठार आहे. थोड्या अंतरात सपाट बागायती भाग, नदीकाठ, घाट व उघडे पठार लाभत असल्याने वेगाचे निरनिराळे टप्पे आखता येतात. महामार्गाचा उपयोग केवळ एकत्र येण्यासाठी करावयाचा असतो. चौपदरी रस्त्यावर मंद वेग राखणे धोक्याचे असते व तेथे शोधण्याजोगे वळणही नसते.

आडरस्त्यांवर मार्गनिर्देशकाचे खरे काम सुरू होते. मैलाच्या दगडाच्या माथ्याचा रंग (राष्ट्रीय महामार्गास पिवळा, राज्य महामार्गास हिरवा), फाट्यावरील गावाची पाटी, पूल, शाळा व देऊळ या त्याच्या खुणा होत. एकाच नावाच्या खुर्द व बुद्रुक गावांत, तसेच वाड्यांच्या नावांत गल्लत होण्याचा संभव असतो. गावकऱ्यांस वाट विचारण्यास बहुधा मुभा असते. परंतु सांगितलेला जवळचा रस्ता हा पुस्तिकेतील रस्ता असेलच असे नाही.

दिवसाची निवडही मार्गाइतकीच महत्त्वाची आहे. गाळपाच्या हंगामात या भागातील रस्त्यांवर उसाच्या बैलगाड्या व दोन-दोन जोडगाड्या ओढणारे ट्रॅक्टर असतात. पौषात पाल येथील खंडोबाच्या व रामनवमीस चाफळच्या यात्रेला मोठी गर्दी लोटते. पावसाळ्यात पठारावर धुके उतरते. मसूरजवळून पुणे–मिरज लोहमार्ग जातो. अशा भागात मार्ग आखताना रेल्वेचे फाटक आडवे येत असल्यास तेथे थांबण्याचा वेळ वजा करण्याची तरतूद करावी लागते. नेमलेला वेग कोणत्याही ठिकाणी कायदेशीर मर्यादेहून कमी व वस्तीतून जाताना विशेष मंद असावयास हवा.

कायदा व सुरक्षितता : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८९ नुसार राज्य शासनाच्या लेखी संमतीविना सार्वजनिक ठिकाणी मोटारींची शर्यत वा वेगचाचणी करणे हा गुन्हा आहे. मार्गशोधन रॅली ही शर्यत नव्हे. मात्र हा भेद केवळ नावात असून चालत नाही, तो वेगाच्या आकड्यांत व दंडगुणांच्या प्रमाणात दिसला पाहिजे. पोलीस व स्थानिक प्रशासनास पूर्वसूचना, वाहनाचा विमा, आसनपट्टे, आधी जाऊन मार्ग तपासणारी गाडी व शेवटी अडलेल्यांना मदत करणारी गाडी या किमान गोष्टी होत. भारतातील मोटार क्रीडेचे नियमन ‘फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया’ ही संस्था करते.

रस्ता स्पर्धकांसाठी मोकळा केलेला नसतो. त्यावर शाळेत जाणारी मुले, गुरे व बाजाराला निघालेली माणसे असतात आणि रॅली चालू आहे हे त्यांना ठाऊकही नसते. त्यांना वाट देण्यासाठी गमावलेले सेकंद हे खेळाचेच अंग मानावे लागते.

या क्रीडाप्रकाराचे मर्म मुंबई, पुणे इ. शहरांत भरविल्या जाणाऱ्या अंधांच्या मोटार रॅलीत विशेष स्पष्ट होते. तीत चालक डोळस असतो. पण मार्ग त्यास माहीत नसतो. ब्रेल लिपीतील मार्गपुस्तिका बोटांनी वाचून अंध मार्गनिर्देशक वळणे सांगतो व त्याच्या शब्दावर गाडी चालते. चालकाने विश्वासाने ऐकावे व मार्गनिर्देशकाने खात्रीने सांगावे, ही सांघिक अट डोळस संघांनाही तितकीच लागू आहे.