एका थेंबात रक्ताचा हिशेब

दिवाळी जवळ आली की धारूरच्या डोंगरपट्ट्यातली कितीतरी जोडपी ऊसतोडीला निघतात. पाच-सहा महिने फडावर राहायचं. ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर वाहून गाडी भरायची. निघताना कोयत्याची धार पाहतात. बैलाचे खूर पाहतात. पण आपल्या अंगात रक्त किती आहे, हे कोण पाहतं?

थोडे चालले की दम लागतो. डोळ्यांपुढे अंधारी येते. बाई म्हणते, "कामाचा शीण आहे, दुसरं काय!" पण पुष्कळदा तो नुसता शीण नसतो. रक्त कमी झालेले असते.

रक्त कमी म्हणजे काय? रक्तात हिमोग्लोबिन नावाचे प्रथिन असते. त्यात लोह असते. हे प्रथिन प्राणवायू साऱ्या अंगाला पोचवते. रक्ताचा तांबडा रंगही त्याचाच. ते कमी पडले की दम लागणारच.

मग ते मोजायचं कसं? बिनदुधाच्या चहाचे दोन पेले घ्या. एक पातळ, एक दाट. दोन्ही उन्हासमोर धरा. पातळ चहातून उजेड जास्त येतो, दाट चहातून कमी. रक्ताचेही तसेच आहे. हिमोग्लोबिन जितके जास्त, तितका प्रकाश कमी पार होतो.

पूर्वी नळीतल्या रक्ताचा रंग डोळ्यांनी ताडून पाहत. त्यात एकाचे उत्तर दुसऱ्याशी जुळत नसे. आता मुठीत मावेल असे यंत्र आहे. बोटाला बारीक सुई टोचतात. रक्ताचा थेंब छोट्याशा पट्टीवर किंवा डबीत घेतात. त्याला साधारण 10 मायक्रोलिटर रक्त पुरते. चहाच्या एका चमच्यात असे 500 नमुने मावतील! यंत्रात दाण्याएवढा दिवा असतो आणि प्रकाश टिपणारा तेवढाच बारीक डोळा असतो. किती प्रकाश पोचला यावरून यंत्र आकडा दाखवते.

हिमोग्लोबिनला स्वतःचा रंग आहे. पुष्कळ प्रथिनांना रंग नसतो. ती कशी ओळखायची? मुंबईत पवईच्या आय. आय. टी.मधील संशोधकांनी त्यासाठी प्रकाश वाहणारा बारीक तंतू नालासारखा वाकवला. वाकावर हव्या त्या प्रथिनाला धरून ठेवणारा पदार्थ लावला. धोतराला कुसळ चिकटावे, तसे थेंबातले ते प्रथिन तिथे चिकटते. मग तंतूतून पार होणारा प्रकाश बदलतो आणि प्रथिन सापडते.

आता आपला आकडा समजून घ्या. 100 मिलिलिटर रक्तात बाईला निदान 12 ग्रॅम, गरोदर बाईला 11 ग्रॅम आणि पुरुषाला 13 ग्रॅम हिमोग्लोबिन हवे. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असाच बोटाचा थेंब तपासला. महाराष्ट्रातील 15 ते 49 वर्षांच्या दर 100 बायकांपैकी 54 जणींचे रक्त कमी निघाले. गरोदर बाईचा आकडा 7 च्या खाली गेला, तर बाळंतपणात जिवाला धोका असतो. तिने लगेच दवाखाना गाठावा.

म्हणून फडावर जाण्याआधी आशाताईंना विचारा, सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्या. लोहाच्या गोळ्या दिल्या तर त्या चहाबरोबर घेऊ नका. गोळ्यांनी शौचाला काळी होते, त्याला भिऊ नका. बाजरी, मोड आलेली मटकी, हिरवी भाजी खा, वर लिंबू पिळा. आपला आकडा कागदावर लिहून ठेवा. आता तुम्हाला लिहिता येतं!