मोल श्रोत्याच्या हाती

वस्तूची किंमत विक्रेत्याने सांगावी आणि ग्राहकाने ती मोजावी किंवा दुकानातून बाहेर पडावे, हा व्यापाराचा परिचित शिरस्ता आहे. संगीताच्या क्षेत्रात त्याहून निराळी रीतही पूर्वापार चालत आली आहे. कीर्तन संपल्यावर आरतीचे ताट श्रोत्यांमधून फिरते आणि ज्याची जशी ऐपत व इच्छा असेल तसे नाणे तो त्यात टाकतो. ध्वनिमुद्रिकांच्या व्यापारात या रीतीला जागा नव्हती. कारण ध्वनिमुद्रिका घडवण्यास, वाहून नेण्यास आणि दुकानात मांडण्यास ठरावीक खर्च येत असे. इंटरनेटवरून गाणी पाठवता येऊ लागल्यावर आणखी एक प्रत काढण्याचा खर्च जवळजवळ शून्यावर आला. त्याबरोबर किंमत कोणी ठरवावी, हा प्रश्नही पुन्हा उभा राहिला.

या प्रश्नाचे सर्वांत गाजलेले उत्तर इंग्लंडमधील ‘रेडिओहेड’ या वाद्यवृंदाने दिले. ईएमआय या बड्या कंपनीशी असलेला त्यांचा करार संपुष्टात आला होता. 10 ऑक्टोबर 2007 रोजी त्यांनी ‘इन रेनबोज’ हा दहा गीतांचा संग्रह स्वतःच इंटरनेटवर प्रसिद्ध केला आणि किंमत श्रोत्यावर सोपवली. काहीही न देता संग्रह घेण्याची मुभा होती, आणि पुष्कळांनी ती घेतलीही. तरीसुद्धा, बाजारात ध्वनिमुद्रिका येण्यापूर्वीच या संग्रहाने आधीच्या संग्रहाच्या एकूण उत्पन्नापेक्षा अधिक पैसा मिळवून दिला, असे या वाद्यवृंदाच्या गीतांचे हक्क सांभाळणाऱ्या वॉर्नर चॅपेल या संस्थेने 2008 मध्ये जाहीर केले.

तथापि, या यशावरून घाईने निष्कर्ष काढणे योग्य ठरणार नाही. रेडिओहेडचे नाव जगभर झाले होते, आणि ते नाव होण्यामागे बड्या कंपनीने वर्षानुवर्षे केलेला खर्चही होता. जो कलावंत अशा कोणत्याही कंपनीशी बांधलेला नाही आणि फारसा प्रसिद्धही नाही, त्याचे काय होते? अमेरिकन कवी व गायक सॉल विल्यम्स यांचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे. नोव्हेंबर 2007 मध्ये त्यांनी आपला संग्रह इंटरनेटवर ठेवला. तो विनामूल्य घ्यावा किंवा पाच डॉलर द्यावेत, अशी निवड होती. जानेवारी 2008 च्या आरंभापर्यंत 1,54,449 जणांनी तो घेतला. त्यांपैकी 28,322 जणांनी, म्हणजे शंभरातील सुमारे 18 जणांनी, पैसे दिले. संग्रहाचे निर्माते ट्रेंट रेझ्नर यांनी हे आकडे प्रसिद्ध करताना निराशा व्यक्त केली. मात्र विल्यम्स यांच्या 2004 मधील संग्रहाच्या 33,897 प्रतीच खपल्या होत्या, असेही त्यांनी नमूद केले. पैसे देणारे थोडे होते, पण श्रोतृवर्ग कित्येक पटींनी वाढला होता.

श्रोता ऐच्छिक मूल्य का देतो, हे समजून घेतल्यावाचून या विसंगतीचा उलगडा होत नाही. कीर्तनातील ताट सर्वांच्या देखत फिरते, आणि पैसा कोणाच्या हाती जाणार हेही देणाऱ्याला दिसत असते. इंटरनेटवर श्रोता एकटा असतो; तेथे कोणाची भीड नसते आणि घेणाऱ्याचा चेहराही दिसत नाही. अशा वेळी दोन गोष्टी उपकारक ठरतात: पैसा कोठे जातो याची स्पष्ट माहिती आणि किमतीचा एखादा आधारबिंदू. कॅलिफोर्नियात 2003 मध्ये सुरू झालेल्या ‘मॅग्नाट्यून’ या संस्थेने आरंभीच्या काळात याच दोन गोष्टी अंगीकारल्या होत्या. श्रोत्याने एका संग्रहासाठी 5 ते 18 डॉलरांच्या दरम्यान आपल्या मर्जीची रक्कम द्यावी आणि तिचा निम्मा भाग कलावंताला मिळावा, असा तिचा नियम होता. अर्थशास्त्रज्ञांनी तेथील व्यवहार तपासले, तेव्हा सरासरी रक्कम 8 डॉलरांहून अधिक भरली. 5 डॉलरांत काम भागत असतानाही लोकांनी स्वखुशीने अधिक दिले होते.

‘बँडकॅम्प’ या 2008 मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने हीच कल्पना व्यापक प्रमाणावर राबवली. तेथे किमान किंमत कलावंत ठरवतो. हवी तर ती शून्यही ठेवतो. त्याहून अधिक किती द्यावे, हे श्रोता ठरवतो. गाण्यांच्या विक्रीतील 15 टक्के, आणि विक्री वाढल्यावर 10 टक्के, वाटा संस्था घेते. 2020 मध्ये साथीमुळे जलसे बंद पडले, तेव्हा 20 मार्च रोजी संस्थेने एक दिवस आपला वाटा सोडला. त्या दिवशी श्रोत्यांनी सुमारे 43 लाख डॉलर खर्च केले.

या सर्व प्रयोगांतून एक गोष्ट स्पष्ट होते. श्रोत्याची उदारता खरी असते, पण केवळ तिच्या भरवशावर कलावंताची चूल पेटत नाही. रेडिओहेडनेही 2011 मधील आपला पुढचा संग्रह ठरावीक किमतीलाच विकला. ज्याच्यामागे मोठे नाव नाही, त्याने किमान मूल्य आपल्या हाती ठेवावे आणि त्यापुढील मोल श्रोत्यावर सोपवावे, हीच वाट त्याला अधिक सुरक्षित आहे.