युक्लिडची पहिली रचना

डोळ्यांस उघड दिसतें तें सिद्ध कशास करावें, असें विद्यार्थी आम्हांस वारंवार विचारतात. इ. स. पूर्वीं ३०० च्या सुमारास अलेक्झांड्रिया येथें युक्लिडनें रचलेला ‘मूलतत्त्वें’ हा १३ भागांचा ग्रंथ या प्रश्नाचें उत्तरच होय. त्यांतील पहिली रचना पाहा. दिलेल्या रेषेची दोन्ही टोकें मध्य धरून, तीच रेषा त्रिज्या घेऊन, दोन वर्तुळें काढावीं. तीं जेथें छेदतात तो बिंदु टोकांशीं जोडला कीं समभुज त्रिकोण झाला. पट्टीनें मापण्याचें कारणच नाहीं. तिन्ही बाजू एकाच लांबीच्या! मात्र वर्तुळें छेदतातच, हें युक्लिडनें कोठेंच सिद्ध केलें नाहीं. आकृतींत दिसलें तें तोही गृहीत धरून चालला! अशा उणिवा भरून काढण्यासाठीं जर्मन गणिती हिल्बर्ट यानें १८९९ सालीं गृहीतकांची नवी मांडणी केली.