खाजन ओसाड का पडते?

एखादे गाव निर्धन झाले की आपण पावसाला अगर दैवाला बोल लावतो. गोव्यातील नदीकाठच्या गावांची गोष्ट मात्र निराळी आहे. तेथे पाऊस उदंड, मातीही सुपीक. तरीही दिवाडी, चोडणसारख्या बेटांवर पूर्वी भाताने डोलणारी कित्येक शेते आज पडीक आहेत. असे का झाले?

भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून सोडविलेल्या सखल जमिनीस खाजन म्हणतात. गोव्यात असे सुमारे 18,000 हेक्टर क्षेत्र आहे. चिखल, पेंढा व जांभा दगड यांचा बांध आणि त्यातील लाकडी दारांचे मानस हे खाजनाचे दोन रखवालदार. भरतीच्या रेट्याने मानसाची दारे आपोआप मिटतात. ओहोटी लागताच आतील पाणी ती लोटून बाहेर पडते. पावसाने मातीतील क्षार धुऊन नेले की खारेपण सोसणारे कोरगुट भात पेरावयाचे. मानसापाशी मासळी धरण्याच्या हक्काचा लिलाव होई, आणि ‘गावकरी’ ही ग्रामसंस्था आपल्या उत्पन्नातून बांधाची डागडुजी करी. शेतकरी, मजूर, सुतार, मासे धरणारा, सर्वांचे पोट त्या एका बांधावर अवलंबून असे.

1964 साली कुळकायदा आला आणि 1976 च्या दुरुस्तीने कुळांना मालकीची वाट मोकळी झाली. कसणाऱ्याला हक्क मिळाला, हे न्याय्यच होते. परंतु जमीन वाटता आली, बांध वाटता येईना. गावकरीचे उत्पन्न आटले. बांधाची जबाबदारी कुळांच्या संघांवर आली, आणि पुष्कळ ठिकाणी तेथे बारभाईचा कारभार झाला. काही ठिकाणी मानसाचा मक्तेदारच जास्त मासळीच्या लोभाने भरतीला दारे उघडी ठेवू लागला. कुंपणानेच शेत खाल्ले! खारे पाणी शिरून राहिले तेथे भात संपले व खारफुटी माजली. मजुरी महागली, तरुण बोटींवर आणि आखातात गेले, शेते ओस पडली.

आपले शेत कितीही जपले, तरी शेजाऱ्याच्या बांधाला खिंडार पडले की दोघांचेही पीक जाते. म्हणून, विद्यार्थीमित्रांनो, तुमच्या गावी मानस असेल तर वडीलधाऱ्यांना दोन प्रश्न अवश्य विचारा: बांधाची पाहणी शेवटची केव्हा झाली? आणि लिलावाचा पैसा कोठे खर्च होतो?